पहिल्या दहांची परीक्षा

शोधयंत्राला प्रश्न विचारावा आणि क्षणार्धात उत्तरांची रांग उभी राहावी, याचे आता कोणालाच नवल वाटत नाही. पण त्या रांगेत पहिला मान ज्याला मिळाला तो त्या मानाला पात्र होता का, हे कोण तपासतो? आपण सहसा पहिल्या दोन-चार उत्तरांपुढे जात नाही. ज्याच्या घरातून आधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही, त्याने तर दुसऱ्या कोणाला विचारावे? त्याला पहिले उत्तर हाच गुरू!

ही तपासणी नवी नाही. १९६० च्या दशकात इंग्लंडमधील क्रॅनफिल्ड येथे सिरिल क्लेव्हरडन या ग्रंथपालाने तिला शिस्त लावली. लेख ठरावीक, प्रश्न ठरावीक, आणि कोणता लेख कोणत्या प्रश्नाला उपयोगी हे माणसांनी ठरवलेले. मग गुण दोन प्रकारचे: मिळालेल्यांपैकी कामाचे किती, आणि कामाच्यांपैकी मिळाले किती. पहिल्या दहांत सात कामाचे, तर अचूकता ७० टक्के. पण ते सात वर आहेत की तळाशी? म्हणून पुढे क्रमालाही गुण आले. उपयोगी लेख जितका खाली, तितकी त्याची किंमत कमी.

मराठीत ही परीक्षा अधिक अवघड आहे. ‘पाणी’ शोधणाऱ्याला ‘पाण्याचा’, ‘पाण्यासाठी’ असे शब्द असलेले लेखही हवे असतात. सामान्यरूप न कळणारे यंत्र ते गाळते. उलट दिसेल तो प्रत्यय छाटला, तर ‘लोणच्या’चे ‘लोण’ व्हायचे! २००८ मध्ये ‘फायर’ या भारतीय उपक्रमाने हिंदी-बंगालीबरोबर मराठीचीही अशी परीक्षा घेतली, ती वृत्तपत्रांतील लेखांवर.

कोणी म्हणेल, लोक ज्यावर बोट दाबतात ते चांगले, एवढे माप पुरे. मला ते पटत नाही. पहिल्यावर बोट पडते ते पुष्कळदा तो पहिला आहे म्हणूनच. बोट पडले म्हणजे शंका फिटली असे नव्हे.

माझे म्हणणे असे की, मराठी शोधाचे गुण सांगताना ते कोणाच्या प्रश्नांवर मिळाले हेही सांगितले पाहिजे. हे काम आपल्या महाविद्यालयालाही जमेल. प्रत्येकाने आपल्या बोलीतले पाच खरे प्रश्न द्यावेत. दोघांनी स्वतंत्रपणे पहिली दहा उत्तरे तपासावीत. मतभेद झाल्यास प्राध्यापकांनी निवाडा करावा. यंत्र कोणाचेही असो, प्रश्नपत्रिका तरी आपली असावी.