जनावरे मोजावी कशी?

गावात जनावरे किती, असे विचारले की "दोनशे डोकी" असे उत्तर मिळते. त्या दोनशेंत म्हैस, खोंड, शेळी आणि करडू या सर्वांना सारखाच मान! पशुगणनेस अशी मोजणी लागतेच. परंतु गायरानावर भार किती पडतो, उन्हाळ्यात वैरण किती पुरेल, हे तीवरून कळत नाही.

याकरिता पशुधन-एकक योजिले गेले. उष्ण प्रदेशांसाठी रूढ असलेल्या पद्धतीत २५० किलो जिवंत वजन म्हणजे एक एकक. त्या मानाने गोवर्गातील जनावर ०.७, शेळी-मेंढी ०.१ व कोंबडी ०.०१ धरतात. कळपात वासरे-कालवडीही असतात, म्हणून गुरांचा आकडा एकाहून कमी.

मात्र हेच कोष्टक वैरणीच्या हिशेबास जसेच्या तसे लावणे चुकीचे आहे. ते वजन सांगते, भूक सांगत नाही. लहान जनावर आपल्या वजनाच्या मानाने अधिक खाते. २५० किलोच्या गाईस वजनाच्या अडीच टक्के, म्हणजे रोज सुमारे सव्वासहा किलो शुष्क चारा लागतो, असे धरू. २५ किलोच्या शेळीस चार टक्क्यांप्रमाणे एक किलो लागेल. दहा शेळ्या वजनाने एका गाईएवढ्या, पण खाण्यात दीड गाईहून अधिक. वैरणीसाठी शेळीस ०.१६ धरणेच रास्त.

तरीही शेळीवाल्यावर अन्याय होतो तो उलट बाजूने. शंभर शेळ्यांचा कळप डोळ्यांत भरतो आणि गायरानाचा वाद निघाला की प्रथम त्यालाच हटकतात. वस्तुतः ४५० किलोच्या ९ म्हशी चरावयास सोडल्या, तर त्याही तेवढाच, सुमारे शंभर किलो शुष्क चारा खातात. त्यांच्या मालकास कोणी विचारीत नाही! शेळी झुडपांचा पाला अधिक खाते, रोपांची नासाडीही करते. तो प्रश्न खरा आहे, पण तो निराळा. चाऱ्याच्या वाटणीत तो मिसळू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने नोंदवहीत संख्येशेजारी वजनाचा रकाना आखावा. गुरांसाठी काटा नसला तरी साधी फीत पुरते. छातीचा घेर इंचांत घेऊन त्याचा वर्ग करावा, त्यास खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागील हाडापर्यंतच्या लांबीने गुणावे व ६६० ने भागावे. घेर ६० व लांबी ५० इंच भरली, तर वजन सुमारे २७३ किलो येते.