दमलेला बैल, दमवणारी नांगरट आणि इंग्रजीचा तास

खेड्यातल्या पोरांचं इंग्रजी कच्चं, ही ओरड जुनीच आहे. २००० सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. तरी गाडी अडते ती अडतेच. आमच्या भावकीतला एक पदवीधर नोकरीच्या मुलाखतीला गेला. ‘मला या कामात रस आहे’ हे सांगायला ‘आय ॲम इंटरेस्टिंग’ म्हणाला. म्हणजे ‘मी मोठा मजेदार माणूस आहे!’ साहेब लोक हसले. त्या दिवसापासून पोरगं इंग्रजीत तोंड उघडत नाही.

यात दोष पोराचा नाही, शिकवण्याच्या पद्धतीचा आहे. ‘माणसाला ई-डी, वस्तूला आय-एन-जी’ असा नियम पाठ करून घेतात. तो अर्धवट आहे. ग्रामसभेत दोन तास लांबलेलं भाषण बोअरिंग, ते करणारा पुढारीही बोअरिंग, आणि सतरंजीवर बसलेले आपण बोअर्ड! पुढारी माणूसच आहे ना?

खरी मेख वेगळी आहे, आणि ती आपल्या मराठीतच आहे. दिवसभर औत ओढून बैल दमतो. तो दमलेला, म्हणजे टायर्ड. नांगरट दमवणारी, म्हणजे टायरिंग. ज्याच्यावर परिणाम झाला त्याला ‘लेला’, तिथं ई-डी. जो परिणाम करतो त्याला ‘णारा’, तिथं आय-एन-जी. कंटाळलेला पोरगा आणि कंटाळवाणा धडा, हाही तोच प्रकार. हा फरक आपलं पोर शाळेत पाऊल टाकण्याआधीच बोलत असतं. फक्त ते त्याला कुणी दाखवून देत नाही.

गोंधळ वाढतो तो आपल्या रोजच्या बोलण्यानं. आपण सर्रास ‘बोअर झालं’, ‘बोअरिंग आहे’ म्हणतो. बोअर्ड हा शब्द कानावर पडतच नाही. मग पोरगं ‘मी कंटाळलो’ म्हणायला ‘आय ॲम बोअरिंग’ म्हणतं.

गुरुजींना विनंती एवढीच, की इंग्रजीच्या तासाला मराठी वर्ज्य मानू नका. फळ्यावर बैल काढा, नांगर काढा आणि पोरांना विचारा, दमलं कोण, दमवलं कुणी?

आणि पालकहो, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा तुमच्या आहेत. बैठकीत खिचडी आणि पत्र्यांवर बोलता, तसं पोरं इंग्रजी कशी शिकतात हेही विचारा. उद्या मुलाखतीत हसं व्हायचं ते आपल्याच लेकराचं.