‘सिस्टिम घेत नाही’ म्हणजे नेमके कोण घेत नाही?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. रिसोडमधल्या ऑनलाईन अर्ज भरून देणाऱ्या एका दुकानात मी तालुक्यातल्या एका बाईसोबत बसले होते. सोयाबीन सोंगणीची एका दिवसाची मजुरी बुडवून ती आली होती. नवरा चौदा वर्षांपूर्वी सोडून गेलेला. तो मेलेला नाही, कोर्टातून घटस्फोट नाही, फारकतीचा कागदही नाही. वडील वारलेले. अर्ज भरता भरता दुकानातला मुलगा ‘पतीचे नाव’ या चौकटीपाशी थांबला. बाई म्हणाली, “त्याचं नाव काहून टाकतं रे बापा? चौदा वर्षं झाले, त्यानं मले इचारलं नाई.” मुलगा भला होता. त्याने चौकट रिकामी ठेवून पाहिली. पडद्यावर लाल अक्षरे उमटली. “मावशी, लाल स्टारवाला कॉलम आहे. मी काय करू? सिस्टिम घेतच नाही.”

शेवटी त्याने त्या चौकटीत एक टिंब टाकले. अर्ज पुढे सरकला! आम्ही तिघेही हसलो. महिनाभराने तो अर्ज अपूर्ण माहितीच्या शेऱ्यासह परत आला, तेव्हा मात्र हसू आले नाही.

त्या टिंबाने मला बरेच शिकवले. संगणकाला नवरा नकोच होता. चौकटीत काहीही भरलेले असले की त्याचे भागत होते. नवरा हवा होता तो दुसऱ्याच कुणाला तरी. कुठल्या तरी कचेरीत बसून कुणीतरी ठरवले होते की बाई म्हटली की तिच्यामागे एक नाव असणारच, आणि त्या चौकटीपुढे लाल स्टार लावून दिला होता. ‘सिस्टिम घेत नाही’ हे वाक्य आपल्याला अनोळखी नाही, मैत्रिणींनो. ‘आपल्यात असं चालत नाही’ हे वाक्य ऐकतच आपण मोठ्या झालो. दोन्ही वाक्यांत कर्ता दडलेला असतो. कुणाला चालत नाही, कुणी घेत नाही, हे विचारायचे नसते.

संगणकवाले ज्याला ‘डीफॉल्ट’ म्हणतात, त्याचा साधा अर्थ असा: तुम्ही काही सांगितले नाही तर आम्ही जे धरून चालणार ते. मराठीत त्याला गृहीत म्हणता येईल. आणि गृहीत धरले जाणे म्हणजे काय, हे बायकांना कुणी शिकवावे लागत नाही. पूर्वीची रूढी निदान माणसाच्या तोंडून यायची, तिच्याशी भांडता यायचे. आता ती पडद्यामागे जाऊन बसली आहे आणि भांडायला समोर आपल्यासारखाच एक हतबल मुलगा आहे.

संगणकाची भाषा कोणती चांगली, कोड खुला असावा की बंद, डीफॉल्ट काय असावे, यावर सॉफ्टवेअर लिहिणारी मंडळी वर्षानुवर्षे हिरीरीने भांडत आली आहेत. मी बरीच वर्षे हे पुरुषांचे बौद्धिक खेळ म्हणून सोडून देत होते. त्या टिंबानंतर कान देऊन ऐकू लागले, तेव्हा कळले की ते आपल्याच प्रश्नांवर भांडत आहेत. फक्त त्यांना ते ठाऊक नाही.

रिकाम्या चौकटीचेच घ्या. ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ साली एका संगणक भाषेत ‘इथे काहीच नाही’ हे दाखवणारी ‘नल’ नावाची सोय आणली. पुढे २००९ मध्ये एका भाषणात त्यांनीच तिला आपली शंभर कोटी डॉलरची चूक म्हटले. कारण ‘काहीच नाही’ ही शक्यता प्रोग्रॅम लिहिणारे विसरून जातात आणि मग प्रोग्रॅम कोसळतात. म्हणूनच कॉटलिन, स्विफ्ट, रस्ट यांसारख्या अलीकडच्या भाषा लिहिणाऱ्याला आधीच बजावतात की बाबा रे, ही जागा रिकामी असू शकते, तेव्हा काय करायचे ते आत्ताच सांग. म्हणजे रिकामेपणाची नोंद आदराने घेण्याची तांत्रिक सोय जगात आहे. ‘माहीत नाही’, ‘लागू नाही’ आणि ‘सांगायचे नाही’ ही तीन वेगळी उत्तरे आहेत, हे यंत्राला समजावता येते. न समजावणे हा निर्णय माणसाचा असतो.

आता सगळ्या राज्याने पाहिलेले उदाहरण घेऊ. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचा शासन निर्णय २८ जून २०२४ रोजी निघाला. महिना १५०० रुपये. त्या निर्णयात लाभार्थी कोण हे स्पष्ट लिहिले आहे: विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता आणि निराधार महिला. कुटुंबातली एक अविवाहित महिला नंतरच्या दुरुस्तीने त्यात आली. परित्यक्ता हा शब्द त्यात आहे, हे लक्षात ठेवा. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये सर्व लाभार्थींना ई-केवायसी सक्तीची झाली. बाईने आपला आधार क्रमांक टाकायचा, आपल्या मोबाईलवर आलेला ओटीपी टाकायचा. इथवर ठीक. त्यानंतर पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक टाकायचा आणि त्यांच्या मोबाईलवरचा ओटीपी द्यायचा. कुटुंबाचे उत्पन्न तपासायचे, हे कारण. पण अर्थ असा झाला की बाईची ओळख पटायला एका पुरुषाचा फोन वाजला पाहिजे.

वाशीम हा २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमधल्या विदर्भातल्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांपैकी एक. इथल्या विधवांना ‘पतीचा ओटीपी’ विचारणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. राज्यभरातून ओरड झाली, तेव्हा नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने ३१ डिसेंबरपर्यंत मुदत वाढवली आणि दुरुस्ती केली. पती वा वडील हयात नसतील किंवा घटस्फोट झाला असेल तर बाईने स्वतःची ई-केवायसी करावी आणि मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कागद अंगणवाडी सेविकेकडे द्यावा. ही दुरुस्ती झाली ती बायका बोलल्या म्हणून, हे नोंदवलेच पाहिजे.

पण दुकानातली माझी सोबतीण या दुरुस्तीत कुठे बसते? वडिलांच्या मृत्यूचा दाखला ती आणील. नवरा जिवंत आहे आणि कागदोपत्री तिचाच आहे. सोडून जाण्याचा दाखला कोणत्या कचेरीत मिळतो? शासन निर्णयात तिच्यासाठी शब्द आहे, पडद्यावर तिच्यासाठी चौकट नाही. कायदा आणि कोड यांच्यामधल्या फटीत ती पडते. १९८८ साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरली तेव्हा याच बायका विचारत होत्या की आमचे नाव सासरच्या रेशनकार्डावरून गेले आणि माहेरच्या कार्डावर आले नाही, मग आम्ही आहोत कुठे? इतक्या वर्षांनी प्रश्न तोच आहे. फक्त रजिस्टरच्या जागी सर्व्हर आला.

याच ई-केवायसीत एक विधान नकारार्थी होते. कुटुंबात कुणी कायम सरकारी नोकरीत नाही, असे वाक्य आणि पुढे ‘होय’ किंवा ‘नाही’. आपली बाई सरळ विचार करते: आमच्यात कुठली सरकारी नोकरी? नाही! आणि ‘नाही’ दाबताच यंत्राच्या लेखी तिच्या घरात सरकारी नोकर जन्माला येतो. हे वाक्य लावण्याआधी दहा बायकांकडून वाचून घेतले असते तर चूक अर्ध्या तासात कळली असती.

“हे तांत्रिक आहे, बदलता येत नाही,” असे आपल्याला सांगितले जाते. ते खरे नाही. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ ने रेशनकार्डासाठी घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्री ही कुटुंबप्रमुख ठरवली. शतकानुशतकांचे गृहीत एका कलमाने उलटे झाले आणि कोणतेही सॉफ्टवेअर कोसळले नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्राने आईचे नाव वडिलांच्या आधी आणले. बाळाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे, मग आडनाव. त्याच निर्णयात विवाहित स्त्रीचे नाव मात्र पूर्वीप्रमाणेच राहिले, पतीचे नाव मधोमध. म्हणजे आई म्हणून गृहीत बदलले, बायको म्हणून बदलले नाही. संगणकवाल्यांच्या जगातही असेच होते. कोडच्या मुख्य प्रतीला इंग्रजीत ‘मालक’ या अर्थाचा शब्द रूढ होता. गुलामगिरीची आठवण देणारा तो शब्द नको, असा वाद झाला आणि ऑक्टोबर २०२० पासून ‘गिटहब’ने नव्या कामांसाठी तो डीफॉल्ट म्हणून ठेवणे बंद केले.

आणि आपल्याच राज्यातल्या अंगणवाडी सेविकांना कसे विसरता येईल? २०२१ मध्ये केंद्राचे ‘पोषण ट्रॅकर’ ॲप आले तेव्हा त्यात माहिती इंग्रजीत भरायची होती. हातातले सरकारी मोबाईल गरम होणारे, मेमरी अपुरी. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते मोबाईल सरकारला परत केले. भाषेचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. माझ्या मते सॉफ्टवेअरच्या डीफॉल्टविरुद्ध महाराष्ट्रात झालेले हे सर्वांत मोठे आंदोलन. ते कोणा इंजिनिअरांनी केले नाही, तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या बायकांनी केले.

आता कोड खुला असण्याचा मुद्दा. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली मुक्त सॉफ्टवेअरची मोहीम सुरू केली, तिचा गाभा साधा आहे. सॉफ्टवेअर वापरता, तपासता, बदलता आणि वाटता आले पाहिजे. ब्लाऊज शिवून आला पण शिवण उसवायला बंदी, असे आपण ऐकून घेऊ का? काखेत आवळतो तर उसवून पाहू, माप बदलू. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण काढले, आणि सरकारी ॲप्सचा कोड खुला करण्याचेही. पण धोरण असून भागत नाही. एप्रिल २०२० मध्ये आलेल्या ‘आरोग्य सेतू’चा कोड हक्कांसाठी लढणाऱ्यांनी लावून धरल्यावर २६ मे २०२० ला खुला होऊ लागला, आणि तोही आधी फक्त अँड्रॉइड फोनवरच्या भागाचा.

कुणी म्हणेल, कोड खुला झाला तरी रिसोडची बाई तो थोडीच वाचणार आहे? कायद्याची कलमे तरी आपण कुठे वाचत होतो? वकील मैत्रिणी भेटल्या, त्यांनी वाचून दाखवली आणि मग आपण मोर्चे काढले. आज आपल्याच मुली पुण्या-नागपुरात संगणक शिकल्या आहेत. कोड समोर असला तर त्या दाखवून देतील की या ओळीत नवरा सक्तीचा आहे. आणि एक इशारा मुक्त स्रोतवाल्या मित्रांनाही. कोड उघडा असला तरी त्यात नवरा सक्तीचा असेल तर तो उघडा पिंजराच. तो लिहिणाऱ्यांच्या बैठकीत बायका नसतील, तर गृहीते जुनीच राहतील.

म्हणून आपल्या संघटनांनी काही मागण्या लावून धराव्यात असे मला वाटते. स्त्रियांसाठीच्या कोणत्याही अर्जात पुरुषाचे नाव, आधार किंवा ओटीपी सक्तीचा नसावा. ‘लागू नाही’ हे उत्तर वैध असावे. परित्यक्तेचे स्वयंघोषणापत्र, ग्रामसभेच्या किंवा स्थानिक चौकशीच्या आधारे, ग्राह्य धरावे. अर्ज सुरू करण्याआधी तो एकल महिला आणि अंगणवाडी सेविकांकडून भरून पाहावा. सरकारी पोर्टलचा कोड आणि त्यातले पात्रतेचे नियम २०१५ च्या धोरणानुसार जाहीर करावेत. आणि कागदी अर्जाची वाट कधीही बंद करू नये.

तोवर आपल्या हातात दोन साधने आहेत. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार कामकाजाचे नियम आणि निकष सरकारने न मागता प्रसिद्ध करायचे आहेत. अर्जातली कोणती चौकट कोणत्या आदेशाने सक्तीची झाली, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. आणि महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवा नाकारायची तर कारण लेखी द्यावे लागते. ‘सिस्टिम घेत नाही’ हे कारण कुणी सही करून देते का, ते एकदा पाहूच.

पुढच्या वेळी दुकानात लाल स्टार दिसला तर टिंब टाकू नका, बायांनो. त्या टिंबाने अर्ज पुढे जातो, पण आपण होतो हे कुठेच नोंदले जात नाही. चौकटीचा फोटो काढा, तारीख लिहा, संघटनेकडे आणून द्या. एकीचा फोटो तक्रार म्हणून बाजूला पडेल. तालुक्यातून शंभर फोटो आले, तर सिस्टिमला घ्यावेच लागेल.