औषधाच्या अंगावरची साखर

मराठी माणसाला साखरेचे कौतुक फार. लग्न ठरले की साखरपुडा, पहाटेची झोप ती साखरझोप, आणि शुभ बोलणाऱ्याच्या तोंडात आपण साखरच घालतो. दिवाळीत मधुमेही वडीलधाऱ्यांपासून करंज्यांचा डबा लपवावा लागतो, ती गोष्ट निराळी! परंतु आज सांगायची साखर जिभेला कधी लागत नाही. ती असते औषधाच्या अंगावर.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांत मूत्रपिंडाचे रोगी पुष्कळ, आणि लोक बोट दाखवितात ते विहिरींच्या खाऱ्या पाण्याकडे. मूत्रपिंड रक्त गाळते हे आपण शाळेत शिकलो. पण ते एरिथ्रोपोएटिन नावाचे प्रथिनही तयार करते. तांबड्या पेशी वाढवा, असा निरोप हे प्रथिन अस्थिमज्जेला पोचविते. मूत्रपिंड थकले की हा निरोप्याच दुर्मिळ होतो. रक्त कमी पडते, चार पायऱ्या चढताना धाप लागते. मग निरोप्या सुईवाटे बाहेरून धाडावा लागतो.

त्याची घडण मोठी मौजेची. 165 अमिनो आम्लांची साखळी आणि तिला शर्करेचे चार तुरे. एकंदर वजनात सुमारे 40 टक्के वाटा या तुऱ्यांचा! तुऱ्यांच्या टोकांवर सियालिक आम्लाची टोपी असते. ती खुडली तर? शिकागोच्या युजीन गोल्डवासर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1974 साली दाखविले की, असे प्रथिन काचपात्रातील पेशींवर काम करते, जिवंत प्राण्यात मात्र निष्प्रभ ठरते. कारण टोपी गेलेली शर्करा यकृत चटकन ओळखते आणि ते प्रथिन रक्तातून उचलून घेते.

इन्सुलिनला असे तुरे नसतात, म्हणून ते साध्या जिवाणूंकडूनही करवून घेता येते. एरिथ्रोपोएटिनसाठी मात्र चिनी हॅम्स्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशी वाढवाव्या लागतात. अमेरिकेत 1989 साली या औषधाला मान्यता मिळाली. 2001 साली डार्बेपोएटिन आले. त्यात आणखी दोन तुरे जोडलेले असल्याने ते रक्तात सुमारे तिप्पट वेळ टिकते. आठवड्यातून तीनदा टोचण्याऐवजी एकदा टोचून भागू लागले. खेड्यातून दवाखाना गाठणाऱ्याच्या लेखी एक सुई कमी म्हणजे एस. टी.चे भाडे वाचले, दिवसाची मजुरी वाचली.

मधुमेह्यांनी या साखरेला भिऊ नये. औषधाची मात्राच इतकी सूक्ष्म, की तिने रक्तातील साखर वाढत नाही. कुपी मात्र 2 ते 8 अंश सेल्सियसमध्ये ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात नव्हे; आणि ती जोराने हलवू नये.

निरोप्या धाडल्याने थकवा हटतो, मूत्रपिंड काही बरे होत नाही. म्हणून खारपाणपट्ट्यातील घरांना औषधाआधी हवे ते गोडे पाणी. त्यात साखरेचा कणही नसतो. तरी आपल्या आज्यापणज्यांनी त्याला गोडे म्हटले, ते उगीच नव्हे.