आधुनिकतावाद : कासा परिसरातून एक आक्षेप

मराठीच्या वर्गांत आधुनिकतावादाची कथा बहुधा एकाच क्रमाने सांगितली जाते. आधी पॅरिस, व्हिएन्ना, वायमार, मग मुंबई. १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला, त्याच वर्षी मर्ढेकरांच्या 'काही कविता' आल्या. मुंबई-अहमदाबाद महामार्गाजवळच्या आमच्या कासा-डहाणू परिसराला या कथेत जागा नसते. वारली चित्रे 'लोककला' नावाच्या वेगळ्या प्रकरणात जातात. या विभागणीलाच आमचा आक्षेप आहे.

आधुनिकतावादाच्या उगमापाशी 'आदिम' ठरवलेल्या समाजांची कला उभी आहे. पिकासोच्या १९०७ च्या 'आविन्योच्या तरुणी' या चित्रातील मुखवट्यांसारखे चेहरे त्याची साक्ष देतात. वास्तुकलेत याच्या उलट घडले. व्हिएन्नाच्या अडॉल्फ लोसने १९१० च्या सुमारास अलंकरणाला गुन्ह्याच्या पंक्तीत बसवले. पापुआतील माणसाला गोंदणे क्षम्य, आधुनिक माणसाला मात्र तो अपराध, असा त्याचा युक्तिवाद होता. म्हणजे चित्रकाराने ज्याच्याकडून घेतले, त्यालाच वास्तुकाराने मागासलेपणाचे माप ठरवले. दोघांच्याही लेखी तो माणूस इतिहासाबाहेरचाच राहिला.

आता वारली घराची भिंत पाहावी. कारवीचा कुड, त्यावर शेणमातीचा लेप आणि लग्नप्रसंगी तांदळाच्या पिठाने सवाशिणींनी लिहिलेला, पालघाट देवीचा चौक. तो भिंतीवर नंतर चढवलेला साज नव्हे. लग्नविधीचाच तो भाग आहे. लोसचा सिद्धान्त येथे लागू पडत नाही. उलट, कला, कारागिरी आणि निवारा यांच्या ज्या ऐक्याची हाक १९१९ मध्ये वायमारच्या बाउहाउसने दिली, ते ऐक्य येथे जाहीरनाम्याविनाच नांदत होते.

तरीही 'वारली आधीपासूनच आधुनिक होते' असे आम्हांला म्हणायचे नाही. ते म्हणणे म्हणजे पुन्हा युरोपकडूनच प्रमाणपत्र मागणे. प्रश्न नाव आणि तारीख यांचा आहे. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात 'प्रिमिटिव्हिझम' हे प्रदर्शन भरले. त्यात आदिवासी वस्तूंना तारखाच नाहीत, यावर थॉमस मॅकएव्हिली यांनी नेमके बोट ठेवले. आपली 'लोककला' ही संज्ञा याहून वेगळे काय करते?

तारखा तर उपलब्ध आहेत. १९४५ मध्ये वेठबिगारीविरुद्ध वारली उठले. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' आपण साहित्य म्हणून वाचतो, पण त्यातली माणसे आणि भिंतीवरची चित्रे एकाच समाजाची आहेत, हे विसरतो. १९७० च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी या परिसरात आले. त्या दशकात गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी विधीच्या भिंतीवरून कागदावर पाऊल टाकले आणि रोजच्या जगण्याला चित्रविषय केले. १९८९ मध्ये ते पॅरिसच्या 'माजिसियां द ला तेर' प्रदर्शनात होते. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. परंपरेशी असा जाणीवपूर्वक, व्यक्तिगत व्यवहार मुंबईच्या चित्रकाराने केला तर तो आधुनिकतावाद, आणि गंजाडच्या चित्रकाराने केला तर लोककला, हा न्याय कोणता?

या बदलाची किंमतही नोंदवली पाहिजे. कागदाबरोबर नाव आले, ते प्रामुख्याने पुरुषांचे. चौक लिहिणाऱ्या सवाशिणी बहुतांशी अनामच राहिल्या. व्यक्तीच्या मुक्तीचा आदर्श सांगणाऱ्या आधुनिकतावादाला हा प्रश्न याच मातीत विचारता येतो. म्हणूनच गंजाडचे ते दशक आधुनिकतावादाच्या प्रकरणात शिकवले गेले पाहिजे, त्यानंतरच्या परिशिष्टात नव्हे.