हिशेबाची चावी कोणाच्या खिशात?

गेल्या काही वर्षांत मालेगाव-भिवंडीच्या आपल्या बाजारात एक नवी रीत पडली आहे. वह्या गेल्या, दुकानातला संगणकही मागे पडला आणि हिशेब दूरच्या शहरातल्या सर्व्हरवर जाऊन बसला. मुनीम घरून बिले टाकतो, मुलगा सुरतेहून उधारी पाहतो. कारोबाराच्या दृष्टीने सोय मोठी आहे, यात वाद नाही. परंतु गोदामाला दोन-दोन कुलपे लावणारे आपले व्यापारी बंधू या सर्व्हरला कोणते कुलूप आहे, हे विचारीत नाहीत. मीही विचारले नव्हते.

मार्च २०२३ मध्ये, रमजान तोंडावर असताना, एके सकाळी मुनीमजींचा फोन आला. हिशेबाची एकही फाईल उघडेना. पडद्यावर खंडणीची इंग्रजी चिठ्ठी. सर्व्हर 'मॅनेज्ड' होता, म्हणजे देखभाल पुरवठादाराची आणि आपण फक्त दरमहा पैसे भरायचे. बॅकअप मागितला तर तो त्याच यंत्रावर ठेवलेला, म्हणून तोही गेला. करारनामा पुतण्याकडून वाचून घेतला. माझी तालीम उर्दूतली. सही करताना इंग्रजी पाने वाचली नव्हती. त्यात बॅकअपची जबाबदारी ग्राहकाची, असे साफ लिहिलेले! खंडणी मी दिली नाही. चलने, बिल्ट्या आणि दलालांच्या चिठ्ठ्या जुळवून खाती पुन्हा उभी करण्यात ईद तर गेलीच, बकरीदही जवळ आली. काही पार्ट्यांनी आपण होऊन बाकी सांगितली. काहींनी नाही सांगितली.

चोर शिरला कसा? विंडोज सर्व्हर दूरवरून उघडण्याची जी रिमोट डेस्कटॉप सोय असते, तिचा ३३८९ क्रमांकाचा दरवाजा साऱ्या जगाला खुला होता. असे दरवाजे हुडकणारे प्रोग्राम इंटरनेटवर रात्रंदिवस फिरत असतात. सापडला की पासवर्ड आजमावीत बसतात. आमचा पासवर्ड म्हणजे पेढीचे नाव आणि पुढे १२३. तो चौघांना ठाऊक होता, त्यातला एक केव्हाच नोकरी सोडून गेलेला.

दुखणे जुनेच आहे. फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्डची चोरी झाली, तेव्हा तातू यलोनेन या गृहस्थाने १९९५ साली एसएसएच नावाचा प्रोग्राम लिहिला. त्यापूर्वी पासवर्ड पोस्टकार्डासारखा उघडा जात असे. एसएसएचने त्याला बंद पाकिटात घातले आणि पासवर्डऐवजी चाव्यांची जोडी वापरण्याची सोय केली. खासगी चावी आपल्याजवळ राहते, तिची सार्वजनिक जोडीदार सर्व्हरकडे. लिनक्स सर्व्हरवर आजही हीच पद्धत आहे. विंडोजवरील हिशेबासाठी आम्ही वायरगार्ड घेतले. तेही चाव्यांवरच चालते, फुकट मिळते, आणि ज्याच्याकडे चावी नाही त्याला उत्तरच देत नाही. दार ठोठावणाऱ्याला येथे घर आहे हेही कळत नाही.

व्हीपीएन म्हटले की आपल्या मोहल्ल्यात काहीजण दचकतात. दचकण्याचे कारण नाही. २०२२ साली सर्ट-इनने ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षे ठेवण्याचा जो आदेश काढला, तो लोकांना व्हीपीएन सेवा विकणाऱ्यांसाठी आहे. कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला तो लागू नाही, असा खुलासाही झालेला आहे.

मॅनेज्ड सर्व्हरची खरी अडचण वेगळी. त्यावर ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार बहुधा आपल्याला नसतो, पुरवठादाराला विनवावे लागते. मी लेखी मागणी केली : वायरगार्ड बसवा, ३३८९ फक्त त्याच्या आतून उघडा ठेवा, बाकी जगाला बंद करा. आधी म्हणाले, गरज नाही. मग म्हणाले, जादा आकार पडेल. दिला. त्यांच्या माणसाने "चाव्या आम्हीच बनवून व्हॉट्सॲपवर पाठवतो" असे सांगितले, तेव्हा पुतण्या मध्ये पडला. खासगी चावी ज्या यंत्राची त्याच यंत्रात बनावी, बाहेर जावी ती फक्त सार्वजनिक. मी जुना दरवाजा तेव्हाच बंद करायला सांगत होतो. तो म्हणाला, "चाचा, थांबा. आधी नव्या दरवाजाने आत जाऊन बघा, नाहीतर आपणच बाहेर राहू." मुनीमजींच्या घरून, माझ्या फोनवरून, भिवंडीच्या गोदामातून, तिन्हीकडून उघडून पाहिले आणि मगच जुना बंद केला. आता प्रत्येक यंत्राची चावी निराळी आहे. कोणी नोकरी सोडली तर त्याची तेवढी रद्द होते. बॅकअप रोज रात्री दुसरीकडे जातो आणि दर जुम्म्याला त्यातले एक खाते उघडून पाहिले जाते.

वहीच बरी होती, असे म्हणणाऱ्या बुजुर्गांशी मी सहमत नाही. सूरह बकरातील सर्वांत लांब आयत उधारीच्या लिखापढीविषयी आहे. कशावर लिहावे याचे बंधन तीत नाही. पण पार्टीचा भाव आणि बाकी ही आपल्याजवळची अमानत आहे. ती उघड्या दरवाजात ठेवून पुरवठादाराकडे बोट दाखवता येत नाही. सही मी केली होती.

पुरवठादाराचा हात मात्र अजूनही आत पोहोचतो, मुख्य चावी त्याच्याकडेच असते. म्हणून आमच्या गल्लीतल्या दहा-बारा पेढ्यांनी मिळून एक जाणता मुलगा पगारावर ठेवावा, असा माझा प्रस्ताव आहे. सर्वांचे करारनामे त्याने वाचावेत, चाव्यांची यादी ठेवावी, बॅकअप तपासावा. तिघे तयार आहेत. बाकीचे म्हणतात, ईदनंतर बघू.