दार लोटून घासलेली भांडी

"नळ आला वं बायाहो!"

ही आरोळी वाशिमात राहणाऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे नळ रोज येत नाही. ज्या दिवशी येतो त्या दिवशी हातातलं काम टाकून गुंड, बादल्या, पिंपं घेऊन अंगणात पळायचं असतं. गंमत अशी की काटेपूर्णा नदी उगम पावते आमच्या जिल्ह्यात आणि पाणी पाजते अकोल्याला! असो. पाण्याचं रडगाणं गायला बसलेलो नाही. मला बोलायचंय ते त्या आरोळीतल्या "बायाहो" बद्दल.

आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली. पुसद नाक्याच्या बाजूला भाड्याच्या दोन खोल्या आहेत. एक अंगण, चार बिऱ्हाडं आणि अंगणात सगळ्यांचा मिळून एक नळ. बायको एका खेड्यातल्या शाळेत शिकवते, सकाळी साडेनऊची एसटी पकडते. मी विम्याची कामं करतो, म्हणजे अर्धा दिवस घरी आणि अर्धा दिवस मोटारसायकलवर. लग्न ठरलं तेव्हाच आम्ही ठरवलं होतं की घरातली कामं निम्मी निम्मी करायची. मी तर मोठ्या ऐटीत हो म्हटलं होतं. चार पुस्तकं वाचलेला माणूस, दुसरं काय म्हणणार?

सुरुवातीची फजिती विचारू नका. पहिल्या आठवड्यात मी तुरीच्या डाळीचा कुकर लावला आणि वाफ जायच्या आधीच झाकण उघडायला गेलो. वरण छताला! घरमालकाला कळू नये म्हणून रात्री अकरा वाजता स्टुलावर उभं राहून आम्ही दोघं ते छत पुसत होतो आणि हसू आवरत नव्हतं. नंतर मात्र हात बसला. भाजी मी करायची, पोळ्या तिने. रात्रीची भांडी माझ्याकडे, धुणंही माझ्याकडे. भाकरी अजून जमत नाही, थापताना फाटते. पण वांग्याच्या भाजीत मी तिला मागे टाकलंय, हे तीही कबूल करते.

आता खरी गोष्ट. ही सगळी कामं मी दार लोटून करायचो.

म्हणजे भांडी घासायची ती आतल्या मोरीत, अंगणातल्या दगडावर नाही. वास्तविक अंगणात जागा मोकळी, उजेड चांगला आणि राखेचा डबाही तिथेच. धुणं रात्री धुऊन ठेवायचो, पण सकाळी गच्चीवर दोरीवर वाळत घालायला बायकोच जायची. नळ आला की मी घरात असलो तरी तिलाच हाक मारायचो. असं करायचं हे आम्ही कधी ठरवलं नव्हतं. आपोआपच पडलं. ती घरात मला "अरे" म्हणते आणि उंबरठा ओलांडला की "अहो" म्हणते, अगदी तसंच. एका घराच्या दोन भाषा, मध्ये एक दार.

मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. काम होतंय ना? मग कुठे बसून केलं याला काय महत्त्व!

मागच्या पावसाळ्यात तिला ताप आला. तीन दिवस अंथरुणावर होती. दुसऱ्या दिवशी नेमका नळ आला. इलाज नव्हता, मी बादल्या घेऊन अंगणात गेलो. तिथे जे झालं ते पाहण्यासारखं होतं. रांगेतल्या बायका एकदम गप्प झाल्या. मग घरमालकीण काकू पुढे आल्या. "भाऊ, तुमी कायले पानी भरून राह्यले? द्या इकडे!" मी नको नको म्हणेपर्यंत बादली हातातून गेली. माझा नंबर पहिला लागला. पिंप भरून मिळालं. वरून शेजारच्या वहिनींनी माझ्या पिळून ठेवलेल्या कपड्यांची बादलीही उचलून गच्चीवर नेली.

संध्याकाळी त्या सगळ्या बायकोला बघायला आल्या. मी आत चहा ठेवत होतो, सगळं ऐकू येत होतं. "कित्ती गुनाचा नवरा भेटला वं तुले!" मग जरा खालच्या आवाजात, "पन लय कामाले लावू नको बाई त्याले. लोक पाह्यतात."

मी चहा घेऊन गेलो तेव्हा माझी मान ताठ होती, खोटं कशाला बोलू. दोन बादल्या उचलल्या आणि मी संत झालो होतो. तिने दोन वर्षं त्याच नळावर पिंपं भरली, तिला कुणी गुणाची म्हटलं नव्हतं. तेव्हा हे माझ्या लक्षातही आलं नाही.

लक्षात आलं आई आली तेव्हा. माझं गाव रिसोड तालुक्यात. सोयाबीन निघालं की आई आठ दिवस आमच्याकडे येते. काकूंनी तिला मोठ्या कौतुकानं सांगितलं की तुमचा पोरगा पाणीही भरतो हो! आई मला काहीच बोलली नाही. बायकोलाही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून पहाटे पाचला उठून सगळी भांडी तिने स्वतः घासायला सुरुवात केली. अंगणात, दगडावर, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. गुडघ्यांचा त्रास असलेली माझी आई! त्या प्रत्येक खणखणाटाचा रोख कुणाकडे होता हे सांगायला नको. माझ्याकडे तर नक्कीच नव्हता.

तिसऱ्या रात्री बायको मला म्हणाली, "भांडी तू घासतोस आणि बोलणी मी खाते. गेल्या दोन वर्षांत मी किती खोटं बोलले माहीत आहे तुला? भाजी छान झाली म्हटलं की ती मी केली म्हणून सांगायचं. कपडे मी धुतले म्हणून सांगायचं. तुझं काम लपवायचं कामसुद्धा माझंच. एक तर दार उघड, नाहीतर माझी भांडी मला परत दे. मला ते सोपं जाईल."

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

रमाबाई रानड्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' पुष्कळांनी वाचलं असेल, 1910 सालचं पुस्तक आहे. न्यायमूर्ती रानडे बायकोला शिकवत. घरातल्या मोठ्या बायकांना ते खपत नसे, आणि टोमणे यायचे ते शिकणाऱ्या रमाबाईंच्या वाट्याला. कॉलेजात असताना हे वाचून मी न्यायमूर्तींवर खूश झालो होतो. आता वाटतं, सुधारणा खोलीत आणि तिची किंमत माजघरात, अशी ती वाटणी होती. कुठे न्यायमूर्ती आणि कुठे मी. त्यांनी निदान एक बाई शिकवली, मी फक्त ताटं विसळली. पण वाटणी तीच.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. नवऱ्यानं दार लोटून केलेलं घरकाम हे अर्धंच काम आहे. तेवढ्यानं बायकोचे हात मोकळे होतात, नाव मोकळं होत नाही. उलट एक जास्तीचं काम तिच्या गळ्यात पडतं, नवऱ्याची इभ्रत सांभाळायचं. आणि इभ्रत धुणंभांड्यांनी जाते हे आपण गृहीतच धरलेलं असतं, नाहीतर लपवलं कशाला असतं?

सरकारनं 2024 मध्ये देशभर पाहणी केली होती, कोणाचा दिवस कशात जातो याची. घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला 289 मिनिटं त्यात घालवतात आणि पुरुष 88 मिनिटं, असं त्यात निघालं. लक्षात घ्या, हे 88 म्हणजे सगळ्या पुरुषांची सरासरी नव्हे, जे थोडंफार घरकाम करतात त्यांची. 2019 च्या पाहणीत हाच आकडा 97 होता, म्हणजे कमीच झाला! ही माहिती घरोघरी जाऊन, माणसाला विचारून घेतात. काल पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत काय काय केलं ते सांगा. मी कल्पना करून पाहिली. तो माणूस वही घेऊन आमच्या अंगणात बसलाय, बाजूला आई, समोर काकू. मी भांडी सांगितली असती? मी "आराम" सांगितलं असतं. आणि बायकोनं तिच्या मिनिटांत माझी मिलवली असती.

काहीजण म्हणतील की दाखवायचं कशाला, जाहिरात करून काम करणारा नवरा त्याहून वाईट. मान्य आहे. फोटो काढून पोळी लाटणारे मीही पाहिलेत. पण गाजावाजा न करणं वेगळं आणि लपवणं वेगळं. बायका अंगणात भांडी घासतात तेव्हा त्या जाहिरात करत नसतात.

तर चौथ्या दिवशी रात्री जेवणं झाल्यावर मी भांड्यांचा टब उचलला आणि अंगणात दगडावर जाऊन बसलो. पाय लटपटत होते, हसू नका. काकू ओट्यावर होत्या, त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. आई दारात येऊन उभी राहिली. बराच वेळ काही बोलली नाही. मग शेजारी बसली आणि कढईकडे बोट दाखवून म्हणाली, "बुडाले राख लाव, नुसत्या साबनानं निंगत नाही ते."

मी राख लावली.

थोड्या वेळानं ती आपणच बोलायला लागली. माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी ती बाळंतपणात फार आजारी पडली होती. घरात दुसरी बाई नव्हती. तेव्हा बाबा रात्री गाव झोपल्यावर विहिरीवरून पाणी आणायचे. उजाडायच्या आत बाळाचे कपडे धुऊन गोठ्यात वाळत घालायचे, कोणाला दिसू नये म्हणून. "दीड मयना केलं त्यायनं. कोनाले मालूम नाही."

तेव्हा मी पाच वर्षांचा होतो, त्याच घरात झोपलेला होतो. माझे बाबा, ज्यांना मी आयुष्यात स्वतःचं ताट उचलताना पाहिलं नाही! आईनं हे तीस वर्षं पोटात ठेवलं, त्यांचं नाव राहावं म्हणून. मी उठून बघितलं असतं तर मला लग्नानंतर छत पुसत शिकावं लागलं नसतं, असं राहून राहून वाटतं.

आई गेली. जाताना सुनेला तिने काय सांगितलं ते मला दोघींनीही कळू दिलेलं नाही. आता नळ आला की आमच्या घरातून जो मोकळा असेल तो जातो. काकू अजून माझी बादली ओढून घेतात, मी अजून ती परत मागतो. आरोळी "बायाहो" चीच आहे. बायकोच्या साड्या मात्र गच्चीवर वाळत घालायला मी अजून अंधारातच जातो, तेवढं राहिलंय.

एसटीत बसताना आई मला म्हणाली होती, "म्या सांगतलं ते तुह्या बाबाले सांगू नको." अजून सांगितलेलं नाही. बाबा हे वाचत नाहीत म्हणून इथे लिहिलं. म्हणजे मीही पुन्हा दार लोटलंच की.